शिंग्रोबापुढची चढण

लोणावळ्याजवळ वलवणच्या बंगल्यावर मी ड्रायव्हर होतो, पण बंगल्यातली गाडी म्हणाल तर गॅरेजात ताडपत्रीखाली पडलेली. साहेबांनी ती तरुणपणी घेतलेली. वयाच्या सत्तरीला त्यांना तिचं पुन्हा वेड लागलं आणि त्या वेडात मीही बुडालो. चार पावसाळे त्या इंजिनात हात काळे केले. बायको म्हणायची, "ही माझी सवतच हाय, आणा की घरात!"

साहेबांच्या लेकाला गॅरेजच्या जागी खोल्या बांधायच्या होत्या. मुंबईहून जुन्या गाड्यांचा ताफा घाट चढून लोणावळ्याला येणार असं कळलं, तेव्हा बापलेकांत ठरलं. गाडी स्वतःच्या इंजिनावर घाट चढली तर राहील, दोर लावून ओढावी लागली तर थेट भंगारात. मला विचारतो कोण!

आदल्या दिवशी गाडी घाटाखाली खोपोलीला उतरवली. सकाळी ताफा आला. पितळी दिवे, लाकडी चाकं, म्हातारे मालक लेकराचं तोंड पुसावं तसे बॉनेट पुसतायत. शेतातली कामं टाकून माणसं रस्त्याला उभी होती. ते बघून मला लय आनंद व्हायला हवा होता, पण माझं सगळं ध्यान आमच्या इंजिनाच्या आवाजाकडं होतं.

साहेब माझ्या शेजारी बसले. मागे लेकाची नवी गाडी, तिच्यामागे दोर घेतलेला ट्रक. वजन नको म्हणून साहेबांनी टाकी अर्धीच भरायला लावली होती.

शिंग्रोबाच्या देवळाशी माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली, त्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडचा ड्रायव्हर पुढे जात नाही.

"ऐन चढावर थांबलास?" साहेब ओरडले.

"देवाला डावलून कसं जायाचं, साहेब?"

चाकामागे दगड लावला, नारळ फोडला, हँडल मारलं. गाडी दहा-बारा हात चढली आणि गचके देत बंद पडली. पुन्हा दगड लावला, हँडल मारलं, पुन्हा तेच.

"तुझ्या देवानं माझी गाडी खाल्ली," साहेब म्हणाले. मीही मनात देवाला एक शिवी हासडली, खोटं कशाला बोलू?

लेक खाली उतरला. ट्रककडे बघून म्हणाला, "दोर काढा."

"थांबा!" मी मालकाच्या लेकावर ओरडलो. टाकीत काठी बुडवली. पेट्रोल तळाला गेलेलं. टाकी सीटखाली, इंजिन पुढे, पंप नाही. पेट्रोल आपल्या ओघानं वाहणार. नाक वर झाल्यावर ते इंजिनात पोचणार कसं? नारळासाठी थांबलो नसतो तरी पुढच्या वळणाला हेच झालं असतं.

"साहेब, गाडी फिरवू. उलट्या गिअरात चढवतो. इंजिन टाकीच्या खाली राहील."

"उलटी? लोक हसतील."

"हसू द्या. दोर तर न्हाई ना लागणार?"

साहेब खाली उतरले. स्वतःच चाकामागचा दगड काढला.

देवळाजवळच्या सपाटीवर गाडी मागे सोडली, फिरवली, सुरू केली. मान मागे वळवून चढायला लागलो. डाव्या हाताला की उजव्या हाताला दरी, हेच मला उमजेना. साहेब दारातून अर्धे बाहेर लोंबकळत सांगत होते, "डावीकडे! अरे डावीकडे!" लॉऱ्यांचे हॉर्न, लोकांच्या शिट्ट्या. इंजिनानं एकदा आचका दिला. मग ते पुन्हा धडधडायला लागलं.

खंडाळ्याला चढण सरली. मी गाडी सरळ केली आणि कडेला लावली. लेकानं शेजारी गाडी थांबवली, आमच्याकडे पाहिलं, ट्रकवाल्याला दोर आत टाकायची खूण केली आणि तो पुढे गेला.

साहेब उतरले. रुमाल काढून ते बॉनेट पुसायला लागले.

"रेडिएटर गळतोय," ते म्हणाले. "उद्या गॅरेजात खोलून बघ."

'व्हय,' म्हणालो. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी ढसाढसा रडलो. साहेब तोंड फिरवून बॉनेट पुसत राहिले.