एक बोट डावीकडे

वहिनीचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला. "नंदा, हे उठत नाहीयेत गं," एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मी घाटकोपरहून मुलुंडला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, झोपेतच गेला. त्याला आता महिना उलटून गेलाय आणि मी अजून दमलेलीच आहे. माणूस रडून दमतो म्हणतात, पण मला फारसं रडूही आलेलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीगत पहिल्यापासून सांगायची, 'त्रास नाही झाला हे एक बरं' यावर मान डोलवायची, पुन्हा चहा टाकायचा... याचाच शीण आलाय. शिवाय चहा संपला की जो तो निघताना गॅलरीतून खाली डोकावतो आणि विचारतो, "मग आता गाडीचं काय?"

गाडी आमच्या आप्पांनी सेकंडहँड घेतलेली. पांढरी, गोल दिव्यांची, मागच्या चाकांवर ट्रकला असतात तसे स्प्रिंगचे लोखंडी पाटे असलेली. आप्पांच्या काळातच ती कधीतरी हायवेवर मोठ्या खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून तिरकी चालायची. स्टिअरिंग सोडलं की उजवीकडे जायची. मी गाडी शिकले ती तिच्यावरच, दादा शेजारी बसून शिकवायचा. "एक बोट डावीकडे धरून ठेव, म्हणजे सरळ जाईल," हा त्याचा पहिला धडा. मला वाटलं, सगळ्याच गाड्या अशा असतात. लग्नानंतर नवऱ्याची नवीकोरी गाडी हातात आली तेव्हा मी ती एक बोट डावीकडे धरून थेट फुटपाथवरच्या भाजीवाल्याकडे नेली होती. दादाला हे सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. नंतर ती सवय गेली, निदान मला तसं वाटत होतं.

वहिनीला मात्र त्या गाडीत बसलं की मळमळायचं. बसमध्ये नाही, रिक्षात नाही, फक्त नवऱ्याच्या गाडीत. आधी तिने लिंबू हुंगून बघितलं, पुढच्या सीटवर बसून बघितलं, डोळे मिटून बघितलं. शेवटी कंटाळून तिने बसणंच सोडलं. "तुम्ही व्हा पुढे, मी येते रिक्षाने." मग लग्नाकार्याला दादा एकटा गाडीतून पुढे आणि ही रिक्षातून मागे अशी वरात निघायची. नातेवाईक हसायचे, दादाही हसायचा. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर हसेनासा झाला. एकदा कंपाउंडच्या कट्ट्यावर बसून मला म्हणाला, "नंदे, हिला एकदा या गाडीतून माहेरी न्यायचंय. लांज्यापर्यंत. माझ्याच बायकोला माझ्या गाडीत बसवत नसेल, तर मी ही कशाला पुसतोय रोज?"

मग तिची मळमळ त्या तिरक्या चालीमुळेच असणार असं ठरवून तो गाडीच्या हात धुऊन मागे लागला. गॅरेजवाले दर वेळी पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून द्यायचे, चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. एका रविवारी त्याला वाटलं, मागचा ॲक्सलच, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडाच, सरकला असेल. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मापायचं ठरलं. टेप सापडेना. घरभर शोधून शेवटी साहेबांनी वहिनीच्या धुतलेल्या परकराची नाडी ओढून आणली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. उजवी बाजू मापली, नाडीला गाठ मारली, डावीकडे जाऊन ताणली. गाठ बरोब्बर चाकाच्या मध्यावर आली. "ॲक्सल ओके," दादा म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसला. सुती नाडी ती, ओढाल तशी लांबते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वहिनीला नाडीचा पत्ता लागला तेव्हा तिने आम्हा दोघांचीही चांगलीच हजेरी घेतली. त्या नाडीपायी पुढे आणखी वर्षभर पुढची चाकंच पिळली गेली.

खरा दोष सापडला तो वहिनीलाच. वॉचमनने कंपाउंड धुतलं होतं, दादा गाडी बाहेर काढत होता आणि ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. गाडी ओल्यातून कोरड्यावर आली तसे चाकांचे ठसे उमटत गेले. "अहो, थांबा," ती वरून ओरडली, "तुमची मागची चाकं पुढच्यांच्या मागून येतच नाहीयेत. डावीकडून चाललीयत." दादा खाली उतरून बघतच राहिला. दोनाच्या जागी चार रेघा होत्या. त्याने मला लगेच फोन केला. "नंदे, वाट लावली आपण. नाडी ताणली गेली." मला आधी काही कळेचना.

भांडुपला टेम्पोचे पाटे दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, तो गाडीखाली जाऊन आला. "साहेब, आगे कुछ नहीं है. पीछे लेफ्ट का सेंटर बोल्ट कट गया है, ॲक्सल पीछे सरक गया." पाट्यावर ॲक्सल जागेवर धरून ठेवणारा तो एक बोल्ट, बोटाएवढा. तो तुटला होता आणि त्याचं भोकही झिजून मोठं झालं होतं. पाटे उतरवले, भोक भरून नव्याने पाडलं, नवा बोल्ट बसला. सगळं होईस्तोवर आमच्या नाकी नऊ आले. उन्हात स्टुलावर बसून माझी पाठ भरून आली होती, आणि दादा मिस्त्रीच्या डोक्यावर वाकून उभा. या वेळी माप विजेच्या वायरने घेतलं. दोन्ही बाजू सारख्या आल्या, तरी दादाने ते पुन्हा पुन्हा घेतलं. मिस्त्री वैतागून चहा प्यायला निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात तो वहिनीला जुहूला घेऊन गेला. मी मागे बसले होते. वहिनीने पर्समध्ये लिंबू घेतलेलं, पदर नाकाशी. हायवेला लागल्यावर गाडी डावीकडे जाऊ लागली. मी मागून पुढे वाकले... एवढं करूनही? वहिनी मात्र स्टिअरिंगकडे बघत होती. "अहो, सोडा ना तो हात," ती म्हणाली, "सरळ झालीय ती आता." दादा अजून एक बोट डावीकडेच धरून होता. इतक्या वर्षांचा हात तो, ऐकतोय कुठला? परत येईपर्यंत तिला हे कितीदा तरी सांगावं लागलं. लिंबू पर्समध्ये तसंच परत आलं. रात्री वहिनीने त्याचं सरबत केलं आणि दादा म्हणाला, "शिमग्याला लांजा. पक्कं." शिमग्याला थोडे दिवस उरले होते, तेव्हा तो गेला.

दादाचा मुलगा बंगळुरूहून रोज फोन करतो, आत्या, गाडी काढून टाका, सोसायटीला पार्किंग हवंय. त्याचंही बरोबर आहे. मीही वहिनीला तेच सांगायला परवा गेले होते, खरं तर वादाला आता अंगात त्राण नाही. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि चावी घेऊन आली. "विकायची तर विकू. आधी मला लांज्याला ने. ती तिथवर जाते का बघायचंय, आणि तू नेतेस का तेही. आज हायवेपर्यंत चल." चपला घालताना तिने लिंबू घेतलं नाही.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. कित्येक वर्षांनी मी तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. हायवेला लागलो. वहिनी समोर बघत बसली होती, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मळमळतंय का म्हणून. तेवढ्यात गाडी हळूच कडेला जाऊ लागली. मला वाटलं, बोल्ट पुन्हा गेला. मग वहिनीने माझ्या डाव्या हातावर आपला हात ठेवला.

"सोड गं तो हात," ती म्हणाली. "सरळ झालीय ती."

मी हात सैल केला. गाडी सरळ चालली होती आणि मला पुढचं काही दिसेना. वहिनीने पदर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कडेला घे. रडून घे, मग जाऊ."