कन्नडचा रस्ता आणि भावजींच्या नसलेल्या चपला

...दुसरा ड्रम निम्मा भरला होता आणि मी पाइप धरून उभी होते. आमच्या गल्लीत नळ आला की माणूस दारातल्या पाहुण्याकडंही बघत नाही. धाकटे दीर, अंकुशभावजी, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून म्हणाले, "वहिनी, रविवारी कन्नडकडं पोरगी बघायला जायचंय. आपल्या सचिनसाठी. तुम्ही चला."

"मी कशाला? शुभकामाला..."

"दादा नाहीत. आता तुम्हीच मोठ्या."

यजमान गेल्यापासून असं बोलावणं आलं नव्हतं. ऐकूच आलं नाही असं दाखवून मी पाइप तिसऱ्या ड्रमात टाकला.

भावजींनी पाडव्यापासून चप्पल सोडली आहे. पोराचं लग्न जमेपर्यंत, असा नवस. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून त्यांनी तो कुणालाच सांगितलेला नाही. सगळ्या भावकीला माहीत आहे.

रविवारी सकाळी एसटी पकडली. अर्धं तिकीट माझं आणि खिडकीही माझीच, यावर सचिनची दौलताबादचा घाट संपेपर्यंत तक्रार चालू होती. वेरूळला उतरून घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. वैशाखात जाणार असाल तर दिवस वर यायच्या आत जा. नंतर अंगणातला काळा दगड तवा होतो. सगळे भाविक टुणटुण उड्या मारत होते, आणि भावजी बागेत फिरल्यासारखे चालले होते. गाभाऱ्यात पुरुषांना शर्टही काढावा लागतो.

"बाबा, वर शर्ट नाय, खाली चप्पल नाय," सचिन म्हणाला. "पोरीच्या बापानं बघितलं तर लगीन मोडंल."

"आधी जमू तर दे!"

बाहेर रसवंतीत रस पिऊन पुढची गाडी धरली. फाट्यापासून गाव पायी. रस्त्याचं काम चालू होतं. अनवाणी चालायला वाईट जागांत मी ताज्या खडीला पहिला नंबर देते, सराट्याच्या काट्यांना दुसरा. विरघळलेलं डांबर तिसरं, ते निदान पायाला चिकटून सोबत येतं. भावजी खडी सोडून बांधावर गेले, तर तिथं सराटे. बगळ्यासारखा एकेक पाय उचलत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी जरा पिकं बघत येतो." शेतात एकही पीक नव्हतं.

पोरीचं नाव पल्लवी. पोहे झाले, चहा झाला. तिच्या वडिलांनी विचारलं, "वाळूजला कंपनीत पर्मनंट का?"

"होईन," सचिन म्हणाला.

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते मुलाकडच्यांना तिथंच कळतं. भावजींचा चेहरा उतरला. आम्ही उठलो.

दारात पल्लवीच्या वडिलांनी चपलांचे जोड बघितले. माझा, सचिनचा. "पाहुणे, तुमची चप्पल कुठंय?"

"असू द्या," भावजी पुटपुटले.

"असू द्या कसं? माझ्या दारातून पाहुण्याची चप्पल जाती म्हणजे काय!"

झालं. पल्लवीची आजी काठी घेऊन शेजारच्या कुत्र्यामागं धावली. "ह्याच मुडद्यानं नेली!" शेजारीण बाहेर आली, "आमचं कुत्रं चोर नाय, सांगून ठेवते!" वडिलांनी आपल्या नव्या कोल्हापुरी आणून ठेवल्या. भावजींनी पाय मागं घेतले.

"आमची चप्पल हलकी वाटती व्हय?"

भावजींनी काकुळतीनं माझ्याकडं बघितलं. ते बोलले तर नवस मोडतो. सचिन कुठं होता? कडब्याच्या गंजीमागं, पल्लवीबरोबर, मन लावून चपला शोधत.

मला तर भावजींनी काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे मी बोलले तर चालत होतं.

"दादा, कुत्र्याला सोडा," मी म्हणाले. "हे घरूनच असे आलेत. पोराचं लग्न जमेपर्यंत घालणार नाहीत."

पल्लवी गंजीमागून आली, केसांत कडबा. सचिनला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग शोधत कशाला होता?"

"तुम्ही शोधत होता म्हणून."

ती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली, ती थांबेचना. मग वडिलांकडं वळली. "बाबा, मला पसंत आहे. काकांना चप्पल द्या."

वडिलांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा भावजींच्या तळव्यांकडं. मग वाकून कोल्हापुरी त्यांच्यापुढं सरळ मांडल्या. भावजींना त्या चांगल्याच लहान होत्या. टाचा बाहेर काढून ते फाट्यापर्यंत ऐटीत चालले.

घरी आल्यावर कुलूप काढलं. यजमान असते तर दारातच सगळं सांगितलं असतं, आणि कुत्र्याचा भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला असता. ते नाहीत, म्हणून इथं लिहिलं. मला त्या दारात मोठी म्हणून बसवलं, एवढं मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुई तापवली, भावजींचा पाय पाटावर ठेवला आणि सगळे सराटे काढले.