काचेच्या खोलीतली चंद्रकांता

साकोलीच्या बियाणे केंद्रात १९८७ साली कॉम्प्युटर आला. त्यासाठी काचेची खोली झाली, थंड हवेचं यंत्र बसलं. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम झाला आणि त्या दिवसापासून आत कोणी येईनासंच झालं. आत एकटी चंद्रकांता. सानगडीच्या धानकरी घरातली ही मुलगी नागपुरात कोर्स करून आली होती. सोबत शिकलेल्या मैत्रिणी मुंबई-पुण्याला गेल्या. ती आईसाठी मागे राहिली. चहावाला कप दाराबाहेर ठेवून जायचा. तिला कळेपर्यंत चहा निवलेला असायचा.

कॉम्प्युटरवरचं पॅकेज, म्हणजे बियाण्याच्या तपासणीचा प्रोग्राम, नागपूरच्या एकाने लिहून दिलेलं. बियाण्याच्या प्रत्येक लॉटची, म्हणजे एका खेपेच्या पोत्यांची, उगवण आणि ओलावा भरला की ते ‘पास’ किंवा ‘नापास’ छापायचं. पेरणीच्या तोंडावर ते चांगली बियाणंही नापास करू लागलं. गोदामाच्या सेवकरामने अशी काही पोती पुन्हा तपासली, तर बी खणखणीत वाळलेलं.

चंद्रकांताने नागपूरला ट्रंककॉल लावला. पलीकडचा म्हणाला, लिहिणारा माणूस नोकरी धरून आखातात गेला.

“मग चुका शोधायचं दुसरं पॅकेज मिळते म्हणतात, तेच मागवू,” व्यवस्थापक केशवराव म्हणाले.

“नको साहेब. ते यात जोडलं, तर हे चालवायले दरवेळी त्याची दुसरी फ्लॉपीही लागन. लाखांदूरच्या केंद्रातही हेच चालते, अन् तिथल्या मशीनले फ्लॉपीची एकच फट आहे. तिथं हे बंदच पडन.”

“मग कसं करता?”

“जे आहे त्यातच पाहतो.”

जे होतं ते म्हणजे बेसिक भाषेतली ‘प्रिंट’ ही साधी सूचना. तिने मूळ कोडची एक प्रत काढली आणि हिशेबाच्या टप्प्याटप्प्याला ती सूचना घातली: आता उगवण किती धरली ते दाखव, आता ओलावा किती धरला ते दाखव. मग जुने लॉट पुन्हा चालवले. प्रिंटर करकरत राहिला, कागद जमिनीवर लोळू लागला.

कोड वाचता वाचता तिला त्या न पाहिलेल्या माणसाची सवय झाली. घाईत असला की तो कोडमधल्या आकड्यांची नावं तोकडी ठेवायचा. एका ठिकाणी त्याने शेरा लिहिला होता, ‘इथे नंतर नीट करणे.’ ती एकटीच हसली. मग काचेबाहेर पाहिलं. पोती उचलणाऱ्या हमालांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

चूक कागदावर सापडली. ज्या लॉटचा ओलावा मोजायचा राहिलेला असे, तिथे रकाना रिकामा असायचा. आणि कोड आधीच्या लॉटचाच आकडा पुढे वापरायचा. म्हणून ओल्या लॉटमागून आलेलं न मोजलेलं बियाणं नापास. तिला धसका बसला तो उलट बाजूचा: कोरड्यामागून आलेलं ओलं बियाणं पासही होत असणार.

प्रत्येक लॉटआधी जुना आकडा पुसणारी एक ओळ तिने घातली. रकाना रिकामा असेल तर ‘मोजणी बाकी’ छापायला सांगितलं. मग आपल्या सगळ्या प्रिंट सूचना एकेक करून काढल्या आणि पुन्हा चालवून पाहिलं. बरोबर आलं. जे लॉट पुन्हा मोजायचे ते तिने सेवकरामला कळवले.

केशवराव दारातूनच म्हणाले, “जमलं?”

“जमलं.”

“बरं झालं.” आणि गेले.

नवी फ्लॉपी द्यायला ती एसटीने लाखांदूरला गेली. तिथल्या कारकुनाने स्क्रीन पाहिला. “काही बदललेलं तर दिसत नाही, बाई.”

“दिसत नाही,” ती म्हणाली.

रविवारी सानगडीला आई, रुखमा, अंगणात तांदूळ पाखडत होती. चंद्रकांता बाजूला बसली आणि कोणी न विचारता सगळं सांगू लागली. रिकामा रकाना, मागचा आकडा, ती एक ओळ. रुखमाचं सूप थांबलं.

“मले हे काही समजलं नाही, बाई,” ती म्हणाली. “पण तू लय दिवसांनी एवढी बोलून राहिली. पुन्हा सांग.”

चंद्रकांताने सूप आपल्याकडे ओढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.