बाटलीतलं निळं तांबं

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली तेव्हा मराठी ओळखीच्यांनी एकच गोष्ट आवर्जून सांगितली: तिथल्या पाण्यानं केस जातात. दोन हजार चारच्या आसपासचे ते दिवस. मैलापूरच्या आमच्या घरी नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, नाहीतर बोअरचं खारट पाणी. त्यामुळे बायकोचे केस गळायला लागले तेव्हा पहिले काही दिवस आम्ही पाण्यावरच खापर फोडलं. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिची किमो सुरू झाली होती. पण पाण्याला शिव्या देणं सोपं होतं.

तिचे केस म्हणजे आमच्या घरातलं वैभव होतं. न्हाणीघराच्या जाळीत ते साचायचे आणि ती ते स्वतः काढायची, मला हात लावू द्यायची नाही. एके दिवशी तिनं उरलेसुरलेही कापून टाकले आणि कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवला. त्याच आठवड्यात सांगलीहून माझी आई मदतीला आली.

आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पथ्याचं सगळं करायची, रात्रीबेरात्री उठायची, उलटीची भांडीसुद्धा तीच धुवायची. एकच करायची नाही, बायकोकडे बघायची नाही. चहा द्यायची तो कपाकडे बघत. बोलायची ती आतल्या खोलीतून. आणि आई समोर आली की बायको डोक्याला ओढणी गुंडाळायची, मे महिन्याच्या चेन्नईतसुद्धा. घामानं कपाळाला पुरळ आलं, पण ओढणी सुटली नाही.

तिचा भाऊ अमेरिकेत. त्यानं येणाऱ्या एका मित्राबरोबर एक छोटी काचेची बाटली पाठवली. कॉपर पेप्टाइड. म्हणजे प्रथिनाच्या बारीक तुकड्याला जोडलेलं तांबं, असं त्यानं ईमेलमध्ये समजावलं होतं. यानं म्हणे जखमा लवकर भरतात, सुरकुत्या कमी होतात, केसांची मुळं जागी होतात. मी म्हटलं, "बदली रद्द होते का, तेही विचार." बायको हसली नाही. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, यावर अभ्यास चालू आहे, मी काही वचन देणार नाही. केस औषधाशिवायही येतील. लावायचंच असेल तर किमो संपू दे, त्वचा शांत होऊ दे, मग बघू.

म्हणून ती बाटली फ्रिजच्या दारात राहिली, कढीपत्त्याशेजारी. निळीशार होती. दूध काढायला फ्रिज उघडला की बायको क्षणभर तिच्याकडे बघायची. आजारपणानंतरचं आयुष्य जणू तिथं थंडाव्यात ठेवलं होतं. ती बाटलीबद्दल काही बोलायची नाही, पण ती आशेवर होती हे मला कळत होतं.

एक दिवस बँकेतून आलो तर बायकोच्या खोलीचं दार बंद. आई ओट्याशी. आणि खिडकीत ती बाटली पालथी घातलेली, घासूनपुसून लख्ख.

"ओतून दिलं मी ते," आई म्हणाली. "मोरचुदासारखं निळं झालं होतं. कळकलेलं असं घरात ठेवतात होय? आजारी माणूस आहे घरात."

आमच्याकडे हे ज्ञान आईच्या दुधाबरोबर मिळतं. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं-निळं होतं, आणि खाणाऱ्याला उलट्या सुटतात. आईच्या माहेरी एकदा असं ताक पिऊन अख्खी पंगत आजारी पडली होती. तांब्याचा निळा रंग दिसला की आधी ओतायचं आणि मग विचारायचं, हा तिच्या पिढीचा नियम. त्यात ती चुकली नव्हती. फक्त या वेळी तो रंगच औषधाचा होता.

मी तिला हे सांगत असताना दार उघडलं. बायको ओढणीशिवाय उभी होती.

"औषधाचं जाऊ द्या, आई," ती म्हणाली. "पण तुम्हाला माझ्याकडे बघवतसुद्धा नाही. एवढी किळस येते माझी?"

आई खाली बसली. मग जमिनीकडे बघत तिनं सांगितलं ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. तिची एक आत्या होती, तरुणपणीच विधवा झालेली. ठरल्या दिवशी मागच्या दारी न्हावी यायचा. मग आत्या लाल लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढून कोपऱ्यात बसायची. कुणी शुभकार्याला निघालं की मुलांना सांगायचे, तिला आत थांबायला सांगा. आई लहान होती, निरोप तीच न्यायची.

"तुझं डोकं बघितलं की मला ती दिसते," आई म्हणाली. "आणि मग माझ्या पोराबद्दल नको नको ते मनात येतं. म्हणून बघत नाही गं. किळस नाही."

"म्हणजे आजारी मी," बायको म्हणाली, "आणि भीती यांच्या जिवाची."

मला आईचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती. या दोन्ही भावना एकदम आल्या की माणूस निरुपयोगी होतो. मी खाली जाऊन दूध आणलं.

पुढचे काही दिवस घरात दोघी कामापुरतंच बोलल्या. मग एका सकाळी बायकोला बरं वाटत होतं, म्हणून दोघी देवळाच्या तळ्यापाशी भाजीला गेल्या. वाऱ्यानं ओढणी सरकली. ती सावरणार एवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण, ज्यांना सगळे मामी म्हणत, समोर आल्या आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "तिरुपतिया? पळनिया?"

बायकोला कळेना. मामींनी स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून दाखवला. मोट्टै! म्हणजे मुंडण. नवस फेडायला केस कुठल्या देवाला दिलेस, तिरुपतीला की पळनीला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या मुलखात बाया सर्रास केस देतात. लेकुरवाळ्या देतात, म्हाताऱ्या देतात, आणि उघड्या डोक्याला चंदन फासून बसमध्ये ऐटीत बसतात. बायकोनं पाहिलं असेल, पण आपलं डोकं त्यात मोजलं नव्हतं.

"तिरुपती," ती म्हणाली.

मामींनी हात जोडले. फुलवालीकडून हातभर मल्लिगै, म्हणजे मोगऱ्याची माळ घेतली, आणि माळायला केस नाहीत म्हणून तिच्या मनगटाला गुंडाळली. संध्याकाळी बायको मला हे सांगताना हसत होती. आजार कळल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. ओढणी खुंटीवर होती आणि पुढेही तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन मामींकडे गेली आणि माझ्या मोडक्या तमिळमधून विचारलं, "नवरा जिवंत असलेल्यासुद्धा देतात? आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही?" मामींना प्रश्नच कळला नाही. देवाला दिल्यावर कोण काय म्हणणार, असं त्या म्हणाल्या.

उपचार संपले. तपासण्या झाल्या. रिपोर्ट वाचताना डॉक्टरांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यावर काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, आता काही दिसत नाहीये. तीन महिन्यांनी या. तोवर बायकोच्या डोक्यावर बाळासारखी मऊ लव आली होती, एक थेंबही औषध न लावता.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला तिरुपतीला ने. मी बोलले होते."

"काय बोलली होतीस?"

"हिचा जीव राहू दे, माझे केस घे. केस मागितले नाहीत गं मी तुझे," ती बायकोकडे वळून म्हणाली. "जीवच मागितला. तुझा."

आम्ही तिघं बसनं गेलो. हॉलमध्ये ओळीनं बसलेल्या बाया, ओल्या फरशीवर केस. आईनं अंबाड्याचे आकडे एकेक काढून बायकोच्या हातात दिले आणि न्हाव्यासमोर बसली. ज्या वस्तऱ्याची तिला लहानपणापासून दहशत होती त्याखाली तिनं आपणहून मान वाकवली. मला रडू आवरेना. बायको आकडे मुठीत धरून तिच्यासमोर उकिडवी बसली होती. आई सगळा वेळ तिच्याकडेच बघत होती.

चेन्नईला परतल्यावर आईनं डोक्यावर पदर घेतला नाही. कोणी विचारलं की "तिरुपती" म्हणायची, मामींच्या हेलात.

मग काही महिन्यांनी मेहुण्यानं पाठवलेली दुसरी बाटली आली. बायकोचे केस तोवर कानांवर आले होते. तिनं बाटली उघडली, आईला स्टुलावर बसवलं आणि तिच्या टाळूवर निळा थेंब टाकला.

"कळकलेलं नाही ना गं?" आईनं विचारलं.

"तांबंच आहे. हलू नका."

त्याचा काही उपयोग झाला की नाही, मला माहीत नाही. आईचे केस आले, म्हाताऱ्या माणसाचे येतात तसे, विरळ आणि पांढरे. मला आठवते ती फक्त ती सकाळ. कपाटाच्या आरशावर टॉवेल नव्हता. बायकोची बोटं आईच्या डोक्यावर फिरत होती, आणि आई आरशात बायकोचे केस बघत होती. "कुरळे येतायत गं तुझे," ती म्हणाली.