बिडाच्या फुटानं मोजलेलं विमान

आमच्या कंपूत माणसं चार, आणि विमान उडवता येणारा त्यातला एक. किस्से मात्र पोतंभर. याचं कारण सोपं आहे. विमान उडालं की बघणारा "वा" म्हणतो आणि घरी जातो. पडलं की तो थांबतो, तुकडे गोळा करू लागतो, आपल्याबरोबर चहा घेतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पदरचं तिखटमीठ लावून गावभर सांगतो. आमची विमानं फार पडली. त्यामुळं हल्ली माळावर कधी पाऊल न टाकलेले लोकसुद्धा आमचे किस्से आम्हालाच ऐकवतात, आणि तेही आमच्यापेक्षा रंगवून. म्हटलं, आता आपणच लिहून टाकलेलं बरं.

काळ ऐंशीच्या आसपासचा, गाव कोल्हापूर. आबा मिस्त्री फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबून काढायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. रशीदभाईंचं शनिवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. डॉक्टर सर्जन, स्वतःचं छोटं हॉस्पिटल. आणि मी टेक्निकल शाळेतला ड्रॉइंग मास्तर.

रिमोटवर उडणारं लहान विमान आपण घरी करायचं, हे खूळ आबांचं. एकदा मी त्यांना विचारलं, या वयात हे कशाला? रंधा बाजूला ठेवून ते म्हणाले, "मास्तर, तीस वर्सं माझं काम वाळूत जातंय. वर येतंय त्ये लोखंड, आनि नाव हुतंय फौंड्रीचं. एक तरी वस्तू माझ्या हातची वर जाऊ दे की. चार मान्सांनी मान वर करून बगू दे."

दुसऱ्याच दिवशी ड्रॉइंग काढायला बसलो.

* * *

आमच्याकडं वस्तू करायची ती नातवाला पुरली पाहिजे, अशी रीत. आबांनी पहिलं विमान सागवानात केलं. जोड एवढे पक्के, की त्यावर माणूस उभा राहिला असता. राहिलाही. आबा स्वतःच उभे राहिले आणि आम्हाला दाखवलं.

किराणा दुकानाच्या काट्यावर ते पाच किलो भरलं. इंजिन लेथवर घरीच केलेलं, लिंबाएवढं. माळावर सोडलं तर विमान सरळ रेषेत जे निघालं ते माळ संपेपर्यंत पळालं. चाकं काही जमीन सोडेनात. म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा त्याच्या बाजूनं शेवटपर्यंत चालत गेला. परत आल्यावर त्यानं अगदी मनापासून विचारलं, "पावणं, यंत्र ब्येस हाय. ह्येला मागं कुळव जोडता येतोय का?"

आबांना राग आला नाही. घरी येताना सायकलवर ते एवढंच म्हणाले, की म्हाताऱ्याला यंत्रातलं कळत होतं.

* * *

दुसरं विमान पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं. वर कळकाच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. काम लवकर व्हावं म्हणून डावा पंख मी माझ्या घरी केला, उजवा आबांनी त्यांच्या घरी. ड्रॉइंग एकच, मापं तीच. जोडून बघितलं तर उजवा पंख चांगला अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून जास्त, लांब!

माझी मापं मी तीनदा तपासली. आबांनीही त्यांची तपासली. दोघांचीही बरोबर. मग मी त्यांची फुटपट्टी हातात घेतली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं की थंड होताना आक्रसतं. म्हणून पॅटर्नवाल्यांचा फूट हा आपल्या फुटापेक्षा मुळातच सूतभर मोठा असतो. आबांनी आयुष्यात दुसऱ्या फुटानं काही मोजलंच नव्हतं.

मी म्हटलं, आबा, चूक तुमची आहे. आबांनी ते अजिबात मान्य केलं नाही.

"माझं माप बराबर हाय. बिडात वता, मग बगा तंतोतंत येतंय का न्हाय."

* * *

इंजिनाला लागायचं रॉकेल, ईथर आणि एरंडेल. रॉकेल आबांच्या घरचं, ईथर डॉक्टरांच्या हॉस्पिटलातलं. एरंडेल आणायचं काम माझ्याकडं.

पहिल्या बाटलीला आमचा वाणी काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं घरच्यांची चौकशी केली. तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी होईपर्यंत मला थांबवून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, की यात लाजण्यासारखं काही नाही, एकदा डॉक्टरला दाखवून टाका.

मी वैतागून म्हटलं, "अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय. दर रविवारी दोन बाटल्या."

त्या दिवसापासून मला दुकानात उभं राहावं लागलं नाही. मी कोपऱ्यावर दिसलो की बाटली कागदात गुंडाळून तयार असायची, आणि रांगेतले लोक मला वाट करून द्यायचे.

* * *

रिमोटची पेटी रशीदभाईंनी केली. तिला दोनच बटणं. डावं दाबलं की शेपटीचं पान डावीकडं वळायचं, उजवं दाबलं की उजवीकडं. वर-खालीची सोयच नव्हती. तेल संपलं की विमानानं आपलं आपण तरंगत खाली यायचं, आपण फक्त डावं-उजवं सांभाळायचं.

ही पेटी दुकानात चालू झाली की अख्ख्या गल्लीतले रेडिओ चिरकायचे. लोक आपापले रेडिओ बगलेत मारून धावत रशीदभाईंकडंच यायचे. रशीदभाई पेटी बंद करायचे, आलेला रेडिओ उघडायचे, फुंकर मारायचे, पुन्हा लावायचे. रेडिओ ठणठणीत! पैसे घेणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ते उलट चहा पाजायचे.

सहा महिन्यांत त्यांचं नाव एवढं झालं, की गारगोटीहून माणसं रेडिओ घेऊन येऊ लागली. "नुसती फुक मारत्यात आनि चालू हुतोय," असा लौकिक. रशीदभाई आम्हाला म्हणाले, "मास्तर, इमान लौकर उडवा. माझ्याच्यानं एवढी इज्जत सोसवत न्हाय आता."

* * *

दुसरं पडलं, तिसरं पडलं, चौथंही पडलं. डॉक्टरांचा धीर सुटला. त्यांचे मेव्हणे जर्मनीत होते. त्यांच्याकडून त्यांनी तयार विमानच मागवलं. खोक्यातून काढायचं, पंख लावायचे आणि उडवायचं. आबांनी त्या खोक्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी एरवी फक्त लग्नात हॉटेलचं जेवण आणणाऱ्याकडं बघताना पाहिली आहे.

पण नवं यंत्र चालू करण्याआधी उघडून बघायचं, हा आमच्या गावचा धर्म. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत आबांनी इंजिन उघडलं होतं आणि रशीदभाईंनी रिमोट. तासाभरानं सगळं जागच्या जागी बसलं. सतरंजीवर एक स्क्रू तेवढा उरला. आम्ही तिघंही त्या स्क्रूकडं बघायचं टाळत होतो. डॉक्टरांनी तो उचलला, निरखून पाहिला आणि शांतपणे खिशात टाकला.

"बाहेर उरलं तर काळजी नाही," ते म्हणाले. "आमच्यात आत राहिलं की भानगड."

विमान पहिल्या झटक्यात उडालं. दोन-चार रविवारांत डॉक्टरांचा हातही बसला. एकदा त्यांनी आपला रिमोट आबांपुढं धरला, की घ्या, जरा सवय करून घ्या. आबांनी हात मागं घेतले. म्हणाले, "न्हाय डॉक्टर. माझं सोताचं उडल्याबिगर दुसऱ्याच्याला हात लावनार न्हाय. आनि माझं उडंल, तवा त्येला तुमी हात लावायचा न्हाय."

मग सवय त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. पाचवं विमान तयार होत असताना रोज संध्याकाळी ते सांगाड्याला चाकं लावून माळावर पळवायचे आणि पेटी घेऊन त्याच्या शेपटीमागून चालायचे. डावं, उजवं, डावं, उजवं. चुकणं म्हणून नाही.

* * *

शिरोळला डॉक्टरांचे एक जुने पेशंट होते, मोठे ऊसवाले. त्यांच्या मोकळ्या रानात विमान उडवायला आम्ही गेलो. ऐन उंचीवर इंजिन बंद पडलं आणि जर्मनीचं विमान शेजारच्या उसात गडप झालं. पुरुषभर उंच ऊस, पानं अंगाला कापणारी. दिवसभर हुडकलं, सापडलं नाही. डॉक्टरांचं तोंड बघवेना. येताना गाडीत आबांनी त्यांना स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. मला ते बघून बरं वाटलं.

चार महिन्यांनी, ऊसतोड झाल्यावर, ते ऊसवाले धोतरात काहीतरी गुंडाळून एस.टी.नं कोल्हापूरला आले. हॉस्पिटलात रांगेत बसले. नंबर आल्यावर आत गेले आणि टेबलावर धोतर सोडलं. आत विमान. फाटलेल्या पंखाला खालून कळकाची कामटी, वरून दाभणानं घातलेली शिवण.

"डॉक्टर, पेशंट आनलाय. टाकं मीच घाटल्यात. तुमी निस्तं बगून घ्या."

* * *

पाचव्या विमानाचा दिवस. रविवार, सकाळची वेळ, वारा नाही. डॉक्टरांनी आपलं विमान उगाच नजरेत नको म्हणून बाजूला चहाच्या सामानाशेजारी ठेवलं होतं. आबांनी अंघोळ करून, नवी टोपी घालून इंजिनाला हळदीकुंकू लावलं. रशीदभाईंनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मी पंख धरला आणि सोडला.

विमान पळालं, जरा डुललं आणि उचललं गेलं. सरळ वर गेलं. माळावर तीस-चाळीस माणसं असतील. सगळ्यांनी मान वर केली.

आबांनी पहिलं मिनिटभर कुठलंच बटण दाबलं नाही. पेटी छातीशी धरून ते नुसते बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी रशीदभाईंनी आठवण केली, की विमान लांब चाललंय, वळवा. आबांनी वळवलं. विमान सुरेख वळलं आणि आमच्याकडं तोंड करून निघालं.

आणि तिथंच सगळं चुकलं. आबांनी डावं दाबलं, विमान उजवीकडं निघालं. घाबरून आणखी डावं दाबलं, तर ते आणखी उजवीकडं. उजवीकडं विजेच्या तारा. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं ते आपलं उजवं, आणि चार महिने शेपटीमागून चाललेल्या माणसाला हे ठाऊकच नव्हतं! आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एक डॉक्टर सोडून.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. एकदा तारांकडं बघितलं, एकदा पेटीकडं, आणि मग दोन्ही हातांनी त्यांनी पेटी डॉक्टरांपुढं धरली.

"घ्या डॉक्टर. चार वर्सं हाईत त्येच्यात."

डॉक्टरांनी हात पाठीमागं बांधले. "आबा, विमानाकडं पाठ करा," ते म्हणाले.

"आँ?"

"पाठ करा आणि मान वळवून मागं बघा. आता डावं ते डावंच."

आबा फिरले. चार वर्षांच्या कामाकडं पाठ करून, मान मोडेल इतकी वळवून, त्यांनी बटण दाबलं. विमान तारांपासून हातभर अंतरावर वळलं. तेल संपलं, इंजिन थांबलं. डॉक्टर हळू आवाजात सांगत होते, आबा दाबत होते. विमान तरंगत खाली आलं, चाकं टेकली. माळ ओरडला. विमान पळत पळत आमच्या रोखानं आलं, माझ्या पायाजवळून गेलं, किटली उडवली आणि जर्मनीच्या विमानात घुसलं.

आबांच्या विमानावर ओरखडा नव्हता. डॉक्टरांच्या विमानाच्या पंखाचे तीन तुकडे झाले होते आणि शेपटी चहात भिजत होती.

आबा खाली बसले, एकेक तुकडा जुळवून बघू लागले. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमास्नी मी नवं करून देतो. माझ्या हातचं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, कधीपर्यंत होईल?

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, मनाशी नीट हिशेब केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "घाई असंल तर इकतचं आना."