आई टुरिस्ट म्हणून आली तेव्हा

दोह्यातल्या बिन महमूद भागात माझ्या आईने संसाराची एकोणीस वर्षं काढली. तिथल्या प्रत्येक किराणा दुकानातल्या कोथिंबिरीविषयी तिचं काहीतरी मत होतं. त्याच बिन महमूदमध्ये गेल्या वर्षी ती टुरिस्ट म्हणून आली आणि हॉटेलात उतरली. हॉटेलचं बुकिंग दाखवल्याशिवाय टुरिस्टला विमानतळावर व्हिसा मिळत नाही. "मुलगा तिथे असताना हॉटेल कशाला?" हे तिने मला फोनवर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी चिडलोच. "मुलगा चालत नाही, हॉटेलच लागतं," असं म्हणालो आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

मी बारावी झालो त्याच उन्हाळ्यात बाबांच्या कंपनीचा प्रोजेक्ट संपला. इथे आईचं आणि माझं राहणं बाबांच्या परवान्यावर होतं. त्यांचा परवाना गेला की आमचाही खलास. मी दोह्यातच वाढलो होतो. नाशिक म्हणजे सुट्टीत जायचं गाव. तिथे आंबे खायचे, सगळ्यांच्या पाया पडायचं आणि "अरब लोक कसे असतात रे?" या प्रश्नाला दरवर्षी नवीन उत्तर द्यायचं. तिथे कायमचं जायचं या विचाराने मला धडकी भरली. मी हट्टाला पेटलो. बाबांनी ओळखीपाळखीतून एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मला चिकटवलं. काम साइट ऑफिसात ड्रॉइंगं आणि कागदपत्रं लावायचं, पण कंपनीकडे व्हिसे शिल्लक होते ते गवंड्यांचे. त्यामुळे माझ्या आयडीवर आजही व्यवसाय गवंडी आहे. आयुष्यात मी एक वीट रचलेली नाही.

बाबा त्यावर हसले होते. पण गवंड्याला इथे कुटुंब आणता येत नाही, आईवडिलांना भेटीला बोलावण्याचा व्हिसाही काढता येत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला कुठे कुटुंब आणायचं होतं? माझं कुटुंब तर इथून निघालं होतं.

दरवर्षी विमानतळावर आम्ही तिघं एकत्र आत जायचो. त्या वर्षी ते दोघं गेले आणि मी काचेच्या अलीकडे राहिलो. घराच्या किल्ल्या आदल्या दिवशीच मालकाला दिल्या होत्या. मी बॅग घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल रय्यानला गेलो. एका जुन्या व्हिलाला प्लायवूडच्या पडद्या घालून खोल्या केल्या होत्या, त्यातल्या एका खोलीत चौघांत माझी एक कॉट. कपडे धुताना साबण किती घालायचा हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शाळेतले मित्र कुणी कॅनडाला, कुणी पुण्याला कॉलेजात गेले होते. सगळं गाव ओळखीचं आणि गावात ओळखीचं माणूस एक नाही, अशी माझी अवस्था झाली. सुट्टीच्या दिवशी मी आमच्या जुन्या बिल्डिंगसमोर जाऊन उभा राहायचो. मला रडू यायचं, आणि डोळे पुसायला घरही नसायचं.

त्यात एकच बरं झालं. लहानपणी आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. ती गेल्यावर मी फोनवर मराठी बोलायला लागलो. उरलेली भर खोलीतल्या माणसांनी घातली. त्यातला एक साताऱ्याकडचा ड्रायव्हर, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. त्याला सगळे दादा म्हणायचे. त्याने मला भात लावायला शिकवलं आणि माझं मराठी ऐकून पोट धरून हसण्याचं कामही नेमाने केलं.

दोन वर्षांनी बाबा गेले. मी पंधरा दिवसांची रजा घेऊन नाशिकला गेलो आणि परत आलो. आई नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटी उरली. पुढच्या हिवाळ्यात मामाचा फोन आला. म्हणाला, ताई दोह्याला येतेय, तुला घेऊन जायचं तिने ठरवलंय, उगाच तोंडाला तोंड देऊ नकोस, निघून ये.

म्हणजे आई येणार याचा आनंद व्हायच्या आधीच मी नकाराची तयारी सुरू केली. नाशिकमध्ये मी करू काय? ओळख नाही, काम नाही. बाविसाव्या वर्षी आईच्या हाताखाली पुन्हा शाळकरी पोर व्हायचं? आंघोळ करताना मी ती वाक्यं घोकायचो.

आई आली त्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने तिला हसून इंग्रजीत विचारलं, दोह्यात पहिल्यांदाच का? आईने माझ्याकडे एक नजर टाकली आणि गंभीर चेहऱ्याने "येस" म्हणाली. वर जाताना लिफ्टमध्ये ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही.

तिला माझी खोली बघायची होती. आमच्या व्हिलात बायकांना प्रवेश नाही, हे तिला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती "असू दे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर तिने बॅगेतून आणलेल्या छोट्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये मसालेभात शिजवला होता. खालून फोन येऊन गेला होता, मॅडम, खोलीत स्वयंपाकाला परवानगी नाही. आईने "सॉरी, सॉरी" म्हणून दार लावून घेतलं होतं आणि वाफ पुरी होऊ दिली होती. आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून जेवलो. माझ्या खोलीतल्या तिघांसाठी तिने डबा भरून दिला. दादाने तो डबा घासून पुसून परत पाठवला, आत खजूर घालून.

आठवडाभर मी वाट पाहत होतो, ही कधी म्हणते, चल. ती म्हणतच नव्हती. ती फिरत होती. जुन्या किराणा दुकानातल्या मल्याळी म्हाताऱ्याने तिला ओळखलं आणि विचारलं, मॅडम, एवढी लांब सुट्टी? आई हिंदीत म्हणाली, हां, थोड़ी लंबी हो गई. त्याने चार मिरच्या फुकट दिल्या. मग ती मला विचारत राहिली, आपल्या बिल्डिंगमधली लिफ्ट नीट चालते का, एका खोलीचं घर आता केवढ्याला मिळतं, डबे करून देणाऱ्या त्या नागपूरच्या बाई अजून आहेत का. मी तुटक उत्तरं देत होतो. हा सगळा गोड बोलून वळणावर आणायचा प्रकार आहे, अशी माझी खात्री होती.

शेवटच्या दिवशी समैस्माला समुद्रावर जायचं ठरलं. बाबा असताना आम्ही नेहमी जायचो. मी टॅक्सी बघत होतो तर दादा म्हणाला, "आई हाय न्हवं ती? मग गाडी मी आणतो, तू कशाला टॅक्सी बघतूस." त्याने आम्हाला सोडलं आणि स्वतः गाडीतच झोपून राहिला.

आई सलवार वर धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. समुद्र तिथे इतका उथळ की लांबवर गेलं तरी गुडघा भिजत नाही. मला आता ते ओझं सहन होईना.

"आई, मी येणार नाही," मी म्हणालो.

"कुठे?"

"नाशिकला. मामाने सांगितलंय मला, तू न्यायला आलीयस."

ती पाण्याबाहेर आली, वाळूत बसली. मामाला तिने तसंच सांगितलं होतं म्हणाली, नाहीतर एकटी बाई हॉटेलात राहायला कशाला चाललीस म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. तिकडे सोसायटीत तिला दोहावाल्या काकू म्हणतात. हळदीकुंकवाला आता कुणी बोलावत नाही. संध्याकाळी दिवे लावते आणि टीव्ही चालू ठेवते, माणसांचा आवाज असावा म्हणून. हे सगळं ती समुद्राकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"मी तुला न्यायला नव्हते आले," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू म्हणशील, आई, राहा."

माझ्या खिशात गवंड्याचं कार्ड होतं. तिला ठेवून घ्यायचा अधिकार मला नव्हता आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आमच्या तिघांचे परवाने संपायच्या तारखा वर्षानुवर्षं तीच लक्षात ठेवायची.

"येत नाही राहता, ते कळतं मला," तीच पुढे म्हणाली. "तू नुसतं म्हणावंस, एवढंच वाटत होतं."

आठवडाभर मी तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घोकत होतो आणि ती माझ्या शेजारी बसून एका शब्दाची वाट बघत होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. मी तिचा वाळूने भरलेला हात धरला.

"राहा ना आई," मी म्हणालो.

"राहते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेली.