जायफळाचे वेढे

माझी लेक आठ महिन्यांची असताना तिच्या खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी दिसायला लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं पोट बिघडलं. दात येताना होतंच, असं मला पहिल्या दोन दिवसांत जितक्या लोकांनी सांगितलं तितक्या लोकांशी मी एरवी महिनाभरात बोलत नाही. पुण्याहून आईने फोनवर सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, व्हाइटफील्डच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईंनी तर न विचारता सांगितलं. सगळ्यांचंच म्हणणं एक असेल तर आपण कशाला जीव काढायचा, म्हणून मीही घाबरले नाही. ती लाळ गाळत माझ्या चपलेपासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत हाताला लागेल ते चावत होती, आणि मी डायपर बदलत होते.

आता आमच्या घरातलं गुटीचं राजकारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी पुण्याची, नवरा बंगळुरूचा. त्याचं घराणं इथे किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही धड सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कानडी पेरलेली. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. बाळ झालं तेव्हा त्या बसवनगुडीच्या घराला कुलूप लावून आमच्याकडे राहायला आल्या. येताना जुन्या साडीच्या फडक्यात बांधून सहाण आणि गुटीचं सामान आणलं होतं. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, सुंठ, जायफळ. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एकेक जिन्नस थेंबभर दुधात सहाणेवर उगाळायचा आणि बाळाला चाटवायचा. माप असतं वेढ्याचं. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कशाचे तीन वेढे, कशाचे दोन, आणि जायफळाचा जेमतेम एक, कारण जायफळाने गुंगी येते. आज हे सगळं मला तोंडपाठ आहे. तेव्हा मात्र मी म्हणाले, "अक्का, हा कचरा माझ्या मुलीच्या पोटात जाणार नाही. या घरात हे चालणार नाही." बारा दिवसांची बाळंतीण होते, पण आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला असेल. माझ्या तोंडाला मुळी फाटकच नाही, असं माझी आईच म्हणते.

अक्का फक्त "सरी" म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक आहे. फडक्याला गाठ मारली आणि गाठोडं त्यांच्या कपाटात गेलं. मला वाटलं, जिंकले.

जुलाबांच्या तिसऱ्या दिवशी मात्र माझं अवसान गळालं. शी नुसती पाण्यासारखी, हिरवट, आणि तिला आंबूस वास. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात फोन केला तर त्या दिवशी दुपारची वेळ मिळाली, तोवर अंगावर पाजा आणि ओआरएसचं पाणी चमच्याने देत राहा म्हणाले. चमचा तोंडाजवळ नेला की ती मान फिरवायची आणि घेतलेलं थुंकायची. पहाटेपासून किरकिर चालू होती. सकाळी सातला नवरा होसकोटेच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघून गेला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून आईला फोन लावला. मी रडत होते. आई म्हणाली, "अगं वेडे, दात येताहेत. तुझ्या वेळी मी काय केलं होतं? जायफळ दे उगाळून. पोटही धरतं आणि पोर झोपतं. दोन वेढे दे, मोठी झालीय आता."

मी म्हणाले, "मी असलं काही देणार नाही."

फोन ठेवला आणि मसाल्याच्या डब्यातून बासुंदीसाठी आणलेलं जायफळ काढलं.

सहाण अक्कांच्या कपाटात. ती मागायची म्हणजे आठ महिन्यांपूर्वीचं बोलणं गिळायचं. ते माझ्याने झालं नसतं. मी कप पालथा घातला. चिनीमातीच्या कपाच्या बुडाला खरखरीत कड असते, तिच्यावर जायफळ फिरवलं. दोन वेढ्यांत काही उतरेचना, नुसतं पांढरं दूध. म्हणून आणखी फिरवलं. चार झाले असतील, पाच झाले असतील. बोटाने तिला चाटवलं, कप धुऊन जागेवर ठेवला, आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत कामाला बसले. त्या दिवशी घरूनच काम होतं. अक्का आंघोळ करून आल्या, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "तू स्वल्प काम बघ. मी आहे."

साडेदहाला मी डोकावले तर लेक झोपली होती. अक्का शेजारी बसून घड्या घालत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तीन दिवसांनी घरात शांतता होती. मला मनातून असा आनंद झाला की विचारू नका. माझं औषध लागू पडलं, आणि कुणाला कळलंही नाही. अक्कांच्या चेहऱ्यावरही समाधान होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला वेळ नव्हता.

बारालाही ती झोपलेलीच. साडेबाराला मी म्हणाले, "दूध पाजू का उठवून?" अक्का म्हणाल्या, "झोपू दे गं. झोपेतच भरून निघतं." एक वाजता मीटिंग संपली, तेव्हा मी न विचारता तिला उचललं.

तिचा हात खाली पडला. झोपलेल्या बाळाचा हात सैल असतो हे मला माहीत आहे, पण हा तसा नव्हता. मी हाक मारली, गालाला हात लावला, तळव्यावर टिचकी मारली. तिने डोळे अर्धे उघडले, ते माझ्याकडे न बघता वर गेले आणि मिटले. ओठ कोरडे. तोंडात बोट घातलं तर तेही कोरडं, तीन दिवस लाळेने बिब ओली करणारी पोर. डायपर काढला. सकाळी सातला घातलेला होता, आणि त्यात थेंबही नव्हता. टाळू पाहिली, ती आत गेली होती.

मी खाली फरशीवर बसले आणि अक्कांना म्हणाले, "ही उठत नाहीये." अक्कांनी तिला माझ्या हातातून घेतलं, एकदाच हलवलं, आणि त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला त्यांच्याकडेही बघवेना.

कॅबला वीस मिनिटं दाखवत होती. आम्ही गेटवर रिक्षा पकडली. व्हाइटफील्डचा रस्ता दुपारी दीडला जसा असतो तसाच होता. मी पूर्ण वेळ तिच्या नाकाखाली बोट धरून बसले होते, श्वास लागतोय का बघत. मधे एकदा वाऱ्यामुळे कळेना, तेव्हा मी तिला चिमटा काढला. जोरात काढला. ती बारीकसं कण्हली आणि मला बरं वाटलं. स्वतःच्या लेकराला चिमटा काढून बरं वाटण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. अक्का काही पुटपुटत होत्या, देवाचं असेल. नवऱ्याला फोन केला, तो होसकोटेहून निघाला म्हणाला.

हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं. डॉक्टर बाई माझ्याहून लहानच असतील. त्यांनी शुगर तपासली, मान वाकवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. नर्सने शीर शोधायला चारदा टोचलं, आणि लेक रडलीच नाही. लस देताना सगळा दवाखाना डोक्यावर घेणारी मुलगी. त्या न रडण्याने मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरचं काही दिलंय का? गुटी, काढा, झोपेचं काही?"

मी इंग्रजीत म्हणाले, "नाही. आम्ही तसले लोक नाही."

मागून अक्का कानडीत म्हणाल्या, काही नाही दिलं.

सलाईन सुरू झालं. अर्ध्या तासाने डॉक्टर परत आल्या. अंगातलं पाणी कमी झालंय हे दिसतंय, म्हणाल्या, पण त्या मानाने ती फारच सुस्त आहे. कारण सापडत नाही. मेंदूपर्यंत जंतू पोचले नाहीत ना, हे बघायला पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावं लागेल. त्यासाठी सही हवी. कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि पेन दिलं.

तेव्हा अक्का पुढे आल्या. हात जोडून कानडीत बोलायला लागल्या, मला कळत होतं. मी दिलं, म्हणाल्या. सकाळी दहाला. जायफळ. सुनेला आवडत नाही म्हणून तिला न सांगता दिलं. तिचा दोष नाही. स्वल्पच दिलं, एक वेढा.

डॉक्टरांनी त्यांना वेढा म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग मान हलवली. एवढ्याशाने असं होणार नाही, अम्मा. दुसरं काहीतरी आहे. आणि नर्सला तयारी करायला सांगितलं.

नर्सने लेकीला कुशीवर वळवलं. गुडघे पोटाशी घेऊन तिला वाकवलं आणि झबलं वर केलं. तिची पाठ माझ्या पंजाएवढी होती. मणके मोजता आले असते.

मी म्हणाले, "मी पण दिलंय."

कुणी ऐकलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाले, "सकाळी सातला मी पण दिलं. चार वेढे. पाचही असतील."

खोलीत नर्सने उचललेला ट्रे परत ठेवल्याचा आवाज झाला. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून वेळ आणि वेढे कागदावर लिहून घेतले. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ताप नाही, मान सैल आहे, आता कारणही समजतंय, त्या म्हणाल्या, तर आपण थांबू. सलाईन चालू ठेवू. संध्याकाळी सहापर्यंत शुद्धीवर आली नाही तर सुई. आणि दातांनी जुलाब होत नाहीत, हेही तेव्हाच सांगितलं. दात येतात म्हणून मुलं नको ते तोंडात घालतात आणि पोटात जंतू जातात. नाव मात्र दाताचं.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मला वाटलं अक्का आता बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांना. आठ महिने त्यांनी माझा फणकारा सोसला होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "कशावर उगाळलंस?"

"कपाच्या बुडावर."

"सहाण होती की गं घरात," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मग मीही रडले. नवरा आला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना धरून रडत होतो. त्याला वाटलं सगळं संपलं. तो दारातच भिंतीला टेकून खाली बसला. त्याला उठवून नीट सांगेपर्यंत पाच वाजले.

पाच ते साडेपाच मी काचेतून तिच्या पोटाकडे बघत होते. वर, खाली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते. साडेपाच वाजून गेल्यावर नर्सने डायपर उघडला आणि तो ओला होता. तिने तो हातात धरून काचेतून आम्हाला दाखवला. थोड्या वेळाने लेकीने पाय झाडला, सलाईनच्या नळीला हिसका बसला आणि ती रडली. आधी घोगरं, मग नेहमीसारखं. डॉक्टर म्हणाल्या, घ्या जवळ.

तीन दिवसांनी घरी आलो. दात त्याच आठवड्यात वर आला. आता आमच्याकडे ही गोष्ट कुणी पाहुणं आलं की सांगितली जाते. नवरा सांगतो, हिने धीर करून वेळेवर सांगितलं म्हणून पोरीची सुई टळली. अक्का तर जास्तच रंगवून सांगतात, माझी सून खरं बोलायला घाबरत नाही म्हणतात. मी पाण्याचे पेले आणायला आत जाते.

त्यांच्यातल्या कुणीही तो सहीचा कागद पाहिलेला नाही. अक्का हात जोडून सगळा दोष आपल्यावर घेत होत्या, डॉक्टर त्यांना वेढा म्हणजे काय ते विचारत होत्या, तेव्हा मी खाली मान घालून सही करत होते. लेकीला सुई टोचली तरी चालेल, पण अक्कांसमोर तोंड उघडायला नको, असं माझं ठरलं होतं. माझं नाव चार अक्षरांचं आहे. नर्सने झबलं वर केलं तोवर त्यातली तीन लिहून झाली होती.